घरपोच अन्नाचा रतीब

रतीब हा शब्द आपल्या घरांतून हळूहळू निघून चालला आहे. दुधाचा रतीब असे, फुलांचा असे, देवळाच्या आसपास राहणाऱ्यांच्या घरी बेल-दूर्वांचाही असे. ठरलेल्या वेळी ठरलेली वस्तू दाराशी यावयाची, न आली त्या दिवशी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत फुली मारावयाची आणि महिन्याअखेरीस फुल्या वजा करून हिशेब चुकता करावयाचा, इतका त्याचा व्यवहार सरळ होता. गोव्यात पोदेर अजूनही सायकलीचा भोंगा वाजवीत वाड्यावाड्यांतून फिरतो. त्याने पाव दारापर्यंत आणला म्हणून कोणी वेगळा आकार भरीत नाही. नुस्तेंकान्न डोक्यावर पाटलो घेऊन येते; ती भावासाठी घासाघीस करील, रागावून उठून जाईल आणि चार घरे फिरून पुन्हा येईल, परंतु आपल्या पायपिटीचे निराळे मोल ती मागत नाही. आणून देण्याची किंमत मालाच्या किमतीत मिसळून गेलेली असते, आणि ती किती हे विचारण्याचे कोणाच्या मनातही येत नाही.

भ्रमणध्वनीवरून जेवण मागविण्याच्या नव्या व्यवहाराने ह्या दोन किमती प्रथम वेगळ्या केल्या. जेवणाचे इतके, आणून देण्याचे इतके. इथवर ठीकच झाले; जे मिसळलेले होते ते उघड झाले. पण मग त्याच्याही पुढे जाऊन ह्या कंपन्यांनी एक तिसरी वस्तू विक्रीला काढली. आणून देण्याचा आकार न भरण्याचा हक्क ही ती वस्तू. तीन महिन्यांची, कधी वर्षाची, वर्गणी एकरकमी भरा, म्हणजे प्रत्येक खेपेचा आकार माफ. झोमॅटोचे ‘गोल्ड’ ह्या नावाचे सभासदत्व २०१७ साली निघाले तेव्हा ते हॉटेलात जाऊन जेवणाऱ्यांसाठी होते. मध्यंतरी त्याचे नाव आणि रूप बदलले, आणि २०२३ च्या जानेवारीत तेच नाव घेऊन ते घरपोच जेवणासाठी पुन्हा अवतरले. स्विगीचे ‘वन’ २०२१ च्या नोव्हेंबरातले. तेव्हा आकार न भरण्यासाठी आकार भरावयाचा हा प्रकार काही फार जुना नाही.

आमच्या घरी हा प्रश्न निघाला तो चिरंजीवांमुळे. आम्ही फोंड्याला राहतो. घरात माणसे चार: आम्ही उभयता, महाविद्यालयात जाणारा मुलगा आणि शहात्तर वर्षांच्या सासूबाई, ज्यांना आम्ही सगळे मांय म्हणतो. कोर्टाचे काम आटोपून आणि कार्यालयात पक्षकारांना भेटून घरी यावयास मला साडेसात होतात, कधी आठ. मुलाने एका रात्री भ्रमणध्वनी पुढे केला. तीन महिन्यांना १४९ रुपये, आणून देण्याचा आकार माफ. यजमान म्हणाले, “दीडशे रुपयांचा प्रश्न. त्यावर विचार कसला करायचा?” त्यांचे म्हणणे व्यवहाराला धरून होते. पण माझ्या व्यवसायाने मला एक सवय लावली आहे. रक्कम लहान दिसली की मी कागद उलटून मागची बाजू पाहते. एका माडाच्या मालकीवरून दोन पिढ्या भांडलेली कुटुंबे ज्या न्यायालयांच्या आवारात भेटतात, तिथे वीस वर्षे काढल्यावर दीडशे रुपयांना कोणी क्षुल्लक म्हटले तर एकदम मान डोलावता येत नाही.

वकिलाने प्रथम पूर्वनिर्णय शोधावा, तसा मी शोधला. नुसत्या वाहतुकीसाठी महिन्याचे पैसे देण्याची रीत आपल्याकडे आहेच. मुंबईच्या डबेवाल्यांचा धंदा १८९० पासूनचा. अन्न आपल्याच घरचे, पैसे केवळ ते नेऊन पोहोचविण्याचे, आणि तेही खेपेगणिक न घेता महिन्याचे ठोक. दुसरे उदाहरण कदंबाच्या बसच्या मासिक पासाचे. फोंड्याहून पणजीला रोज कचेरीत जाणारा माणूस दिवस मोजतो, भाडे मोजतो, गुणाकार करतो आणि पास काढतो. त्याचा हिशेब चुकत नाही, कारण खेपांची संख्या त्याच्या हाती पास येण्यापूर्वीच ठरलेली असते. पास आहे म्हणून तो पणजीला दिवसातून तीनदा जात नाही. डब्याचेही तसेच, एका दुपारी एका माणसाला एकच डबा.

जेवणाच्या पासाची गोष्ट इथेच वेगळी पडते. इथे पासच खेपा वाढवितो. पैसे आधीच भरलेले आहेत, तेव्हा ते वसूल करावयास हवेत, ही भावना माणसाच्या मनात आपोआप उभी राहते, आणि भूक लागलेली नसली तरी ती भावना भुकेचे काम करते. नफ्यातोट्याचा गुणाकार करावयाचा तर एक पथ्य पाळावे लागते. पास घेतल्यावर आपण किती वेळा मागवू तो आकडा सोडून द्यावा, आणि पास नसताना आपण किती वेळा मागविले तोच आकडा धरावा. सुदैवाने हा पुरावा शोधण्यासाठी कुठे अर्ज करावा लागत नाही. गेल्या सगळ्या पावत्या त्या यंत्रात तारीखवार साठविलेल्या असतात.

एका रविवारी मी तीन महिन्यांच्या पावत्या काढून बसले. मागण्या १४. आणून देण्याचा एकूण आकार ४७६ रुपये, म्हणजे खेपेला सरासरी ३४. वरवर पाहता १४९ भरून ४७६ वाचतात. पण ही माफी बिनशर्त नसते. मागणी ठराविक रकमेच्या वर हवी (मला दाखविलेली मर्यादा १९९ रुपयांची होती), हॉटेल ठराविक अंतराच्या आत हवे आणि योजनेत सामील झालेले हवे. ह्या कसोट्या लावल्यावर १४ पैकी ५ मागण्या गळाल्या. तीन छोट्या होत्या, दोन हॉटेले लांबची निघाली. उरलेल्या नवांचे ३०६ रुपये. त्यातून वर्गणी वजा जाता बचत १५७ रुपये, तीन महिन्यांत. महिन्याला बावन्न. म्हणजे फायदा आहे, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही.

तथापि पावत्या समोर होत्या म्हणून मी त्यांच्या बाकीच्या ओळीही वाचल्या, आणि माझ्या मते खरा मजकूर तिथे आहे. ‘प्लॅटफॉर्म’ ह्या नावाचे एक शुल्क प्रत्येक पावतीवर असते; २०२३ साली दोन रुपयांपासून त्याची सुरुवात झाली आणि २०२५ पर्यंत ते दहाच्या पुढे गेले. सभासदत्वाने ते सुटत नाही. माझ्या चौदा पावत्यांवर ते १८२ रुपये होते. त्याखेरीज बांधणावळ. त्याखेरीज कर: जेवणावरचा ५ टक्के वस्तू व सेवा कर १ जानेवारी २०२२ पासून हॉटेलाऐवजी ह्या कंपन्यांनीच गोळा करून भरावयाचा असतो, आणि आणून देण्याच्या आकारावर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के धरला जातो. सरकारचे देणे सरकारला. त्याबद्दल तक्रार नाही.

सर्वांत मोठी ओळ मात्र पावतीवर छापलेलीच नसते. आमच्या घरापासून चालत जाता येईल अशा तीन हॉटेलांतून मी सहा वेळा मागविले होते. संध्याकाळी फिरावयास गेले असता तिथले फलकावरचे भाव मी टिपून आणले आणि पावत्यांशी ताडून पाहिले. सहा मागण्यांत मिळून ३१२ रुपयांचा फरक निघाला. त्याच पदार्थांना घरी बसून मागविताना तेवढे अधिक मोजले होते. हॉटेलवाल्याला दोष द्यावा असे मला वाटत नाही. कंपनी त्याच्याकडून प्रत्येक मागणीवर दलाली घेते आणि तो ती कुठून तरी भरून काढणारच. हॉटेलवाल्यांच्या राष्ट्रीय संघटनेने दलाली आणि इतर अटींविषयी २०२१ साली स्पर्धा आयोगाकडे गाऱ्हाणे नेले, आणि आयोगाने २०२२ च्या एप्रिलमध्ये दोन्ही मोठ्या कंपन्यांची चौकशी करण्याचा आदेश दिला, हे वृत्तपत्रांतून आलेलेच आहे. मला एवढेच दिसले की ज्या ३४ रुपयांच्या माफीचा एवढा डांगोरा पिटला जातो, त्याहून अधिक पैसे खेपेला पदार्थांच्या भावातूनच गेले होते, आणि त्यांना माफी देणारे कुठलेही सभासदत्व निघालेले नाही.

आणि मग ती १९९ ची उंबरठ्याची मर्यादा. एकदा मुलाला ताप आला होता. त्याला दोन इडल्या हव्या होत्या. दोन इडल्या आणि त्यांबरोबरचे सांबार ह्यांची किंमत त्या मर्यादेच्या निम्म्यावरही जात नाही. सभासद असते तर मर्यादा गाठण्यासाठी मी आणखी काही तरी मागविले असते, आणि ते दुसऱ्या दिवशी सकाळी मांयने फ्रिजमधून काढून, झाकण उघडून, काही न बोलता पुन्हा झाकून ठेवले असते. तिचे ते न बोलणे मला पावतीच्या कुठल्याही ओळीपेक्षा महाग पडते.

आता थोडे कायद्याविषयी. वाचकांनी कंटाळू नये, मी आवरते घेईन. असल्या वर्गणीचा करार हा दोन पक्षांनी बसून ठरविलेला करार नव्हे. एका बाजूने लिहिलेला, दुसऱ्या बाजूने बोटाने मान्य केलेला. त्यात अटी बदलण्याचा हक्क लिहिणाऱ्याने स्वतःकडे राखून ठेवलेला असतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘अनुचित करारा’ची कल्पना प्रथमच आली, आणि ती चांगली आहे. पण गंमत अशी की अनुचित कराराविरुद्धची तक्रार जिल्हा आयोगापुढे चालत नाही. ती राज्य आयोगाकडे न्यावी लागते. १४९ रुपयांसाठी पणजीला हेलपाटे घालणारा पक्षकार मला अजून भेटावयाचा आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ च्या नोव्हेंबरात फसव्या मांडणीविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि तेरा प्रकार नावानिशी सांगितले. त्यांत वर्गणीचा सापळा आहे, म्हणजे शिरणे सोपे आणि बाहेर पडणे अवघड. आणि ठिबकत जाणारी किंमत आहे, म्हणजे आरंभी एक आकडा आणि शेवटच्या पायरीला भलताच. वाचकांपैकी ज्यांना सभासद व्हावयाचे असेल त्यांनी एक करावे. ज्या दिवशी पैसे भराल त्याच दिवशी आपोआप नूतनीकरण होण्याची सोय बंद करून टाका. रिझर्व्ह बँकेच्या १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे अशी रक्कम खात्यातून कापण्यापूर्वी किमान २४ तास आधी सूचना द्यावी लागते. पण त्या सूचना दिवसाला येणाऱ्या पन्नास संदेशांत कुठे बुडून जातात हे सर्वांच्या अनुभवाचे आहे.

अटी मध्येच बदलण्याचे एक उदाहरण गोव्याला विशेष लागू पडते. २०२५ च्या मे महिन्यात झोमॅटोने आपल्या गोल्ड सभासदांनाही पावसातल्या खेपेसाठी जादा आकार लावण्यास सुरुवात केली. त्यापूर्वी त्यातून त्यांना सूट होती. दिल्लीकराला ह्यात फारसे काही वाटणार नाही. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत पडतो. बाहेर पडवत नाही म्हणूनच आपण मागवावयाचे, आणि नेमकी तेव्हाच माफी लंगडी पडावयाची. जून ते सप्टेंबर ह्या काळासाठी इथे कोणी हे सभासदत्व घेत असेल तर त्याने पावसाच्या ओळीवर आधी नजर टाकावी.

परंतु खरे सांगू? त्या सगळ्या आकारांत पावसाचा आकार मला सर्वांत न्याय्य वाटतो. कारण भिजणारा माणूस डोळ्यांना दिसतो. रात्री नऊच्या सुमारास, वीज गेलेली, गटार रस्त्यावर आलेले, अशा वेळी एक पोरगा दुचाकी पायवाटेच्या तोंडाशी उभी करून फोनवरून विचारीत असतो की घर कोणते. आपली घरे क्रमांकावर सापडत नाहीत. देवळामागून डावीकडे, वडाजवळची पायरी उतरून, तुळशीवृंदावन निळ्या रंगाचे आहे ते घर: हा पत्ता कर्नाटकातून किंवा उत्तर प्रदेशातून आलेल्या मुलाला पावसात काय कळणार? मांय अशा वेळी विजेरी घेऊन पडवीत उभी राहते. जेवणाच्या वेळेला दारात आलेल्याला विचारल्याशिवाय पाठवू नये हा तिचा नियम, आणि जेवण घेऊनच आलेल्या माणसाला तो लागू होत नाही असे तिच्या मनाला पटलेले नाही. ती विचारते, “जेवलो मरे पुता?” त्याला शब्द कळत नाहीत, सूर कळतो. तो हसतो आणि जातो. त्याला पुढची खेप गाठावयाची असते. त्याचे जेवण बहुधा अकराच्या पुढे.

आणून देण्याचा आकार ‘माफ’ झाला म्हणजे त्याचे येणे फुकट झाले असे नाही, एवढे तरी आपण ओळखावे. त्याला द्यावयाचे ते कंपनी आपल्या वर्गणीतून, दलालीतून आणि जाहिरातीच्या उत्पन्नातून देते. पावतीवर मात्र तिथे शून्य दिसते, आणि त्या शून्याकडे पाहता पाहता तो माणूसच हिशेबातून निघून जातो. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा कामगारांची व्याख्या आली आणि कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम त्यांच्या कल्याणनिधीत भरावी, मात्र ती त्यांना दिलेल्या मोबदल्याच्या ५ टक्क्यांपेक्षा अधिक नसावी, असे ठरले. ही संहिता अंमलात यावयास २१ नोव्हेंबर २०२५ उजाडावे लागले. निधी प्रत्यक्ष हातात पडेपर्यंत आणखी किती पावसाळे जातात ते पाहावयाचे. आमच्या घरी तोवर विजेरी आणि वीस रुपयांची नोट अशी व्यवस्था आहे.

देवळाशी नाते असलेल्या घरांना आणखी एक प्रश्न सुटत नाही, तो शिवराकाचा. आमच्याकडे सोमवारी शिवराक, एकादशीला शिवराक, श्रावण पाळावयाचा, आणि रविवारी मासळी नसेल तर मांयच्या मते तो रविवारच नव्हे. २०२४ च्या मार्चमध्ये झोमॅटोने केवळ शाकाहारी हॉटेलांतून जेवण आणणाऱ्यांचा वेगळा ताफा जाहीर केला आणि त्यांना हिरवा वेष दिला. त्यावर इतका गदारोळ झाला की दुसऱ्याच दिवशी हिरवा रंग मागे घ्यावा लागला. लाल वेषातला माणूस म्हणजे मांसाहार आणणारा असा शिक्का बसून त्याला काही वसाहतींच्या फाटकात अडवतील, ही भीती खरीच होती. ताफा वेगळा राहिला, वेष एक झाला. गोव्यात तो हिरवा रंग टिकला असता तर आमच्यासारख्या घरांची मोठी पंचाईत होती. शेजाऱ्यांनी रंग पाहून वार ओळखला असता. मांयला वेषाची बातमी सांगितली तेव्हा ती म्हणाली, “शिवराक म्हणटात, पूण टोप खंयचो?” भांडे कुठले, दवली कुठली, हा तिचा प्रश्न, आणणाऱ्याच्या अंगरख्याशी तिला कर्तव्य नाही. मिश्र हॉटेलातून सोमवारी आलेली पनीरची भाजी तिने कधी नाकारली नाही, कारण नातवाने आवडीने मागविलेली असते. त्या रात्री ती दहीभात खाते आणि पोट भरले म्हणते.

इथे येऊन माझ्या लक्षात आले की मी १५७ रुपयांचा हिशेब करीत होते, आणि मांयच्या दृष्टीने चाललेला हिशेब निराळाच होता. तिचे गुडघे आता साथ देत नाहीत. ओट्याशी वीस मिनिटे उभी राहिली की ती एका हाताने कठडा धरते. मी येईपर्यंत भात झालेला असतो, तोंडाक फोडणीला टाकलेले असते, आणि उरलेले करू नकोस असे मी म्हटले की तिला राग येतो. तीस वर्षे ते घर त्या चुलीवर तिने चालविले. चौदा मागण्यांपर्यंत ती काही बोलली नव्हती. त्या सणासारख्या होत्या, कधीमधीच्या. वर्गणीची गोष्ट निघाली तेव्हा मात्र ती पडवीतून आत आली आणि म्हणाली, “तूं कोर्टांत वता, हांव रांदतां. हातूंत हिशेब कसलो?” वर्गणी म्हणजे नेम. नेमाने बाहेरचे येणार, म्हणजे नेमाने तिचे नको होणार, असा तिने अर्थ लावला. आणि कायद्याच्या भाषेत सांगावयाचे तर कागदाचा तो अर्थ अगदीच ओढून ताणून काढलेला नव्हता.

दुसरीकडे गुडघे खरेच दुखत होते. तिचा मान राखावयाचा म्हणून तिला ओट्याशी उभे करीत राहणे ह्यात मला कुठला पुरुषार्थ वाटेना. सुनेने रांधावे आणि प्रश्न मिटवावा हे उत्तर आमच्या समाजात अजून पुष्कळांच्या जिभेवर असते. यजमानांच्या एका मावशींनी ते देऊनही टाकले. यजमान त्या वेळी तिथेच बसून वर्तमानपत्र वाचीत होते. त्यांनाही दोन हात आहेत हे मी मावशींच्या निदर्शनास आणून दिले, आणि त्या आठवड्यापासून सकाळची पेज आणि चहा त्यांच्याकडे गेला. पेज ते बरी करतात.

देवस्थानाकडून दरवर्षी येणारा प्रसाद मला ह्या संदर्भात आठवला. सासऱ्यांच्या वडिलांनी कुळदेवतेच्या देवळात एका तिथीच्या पूजेसाठी कायमची ठेव ठेवली होती. तीही वर्गणीच, एकदाच भरलेली. त्या ठेवीच्या व्याजात आज नारळ आणि फुलेसुद्धा यावयाची नाहीत. काही वर्षांपूर्वी देवस्थानाने पत्र लिहून कळविले की जुन्या ठेवींत भर घालता आली तर घालावी, न जमल्यास पूजा चालूच राहील. आम्ही भर घातली. महागाईने तिथेही अट बदलायला लावली होती. फरक इतकाच की बदलण्यापूर्वी त्यांनी आम्हांला विचारले, आणि ‘नाही’ म्हणण्याची वाट उघडी ठेवली. कंपनीने देवस्थानासारखे वागावे अशी माझी अपेक्षा नाही. पण वर्गणी घेणाऱ्याने वर्गणीदाराशी कसे बोलावे ह्याचा नमुना मला तिथे सापडतो, आणि कराराचे मसुदे लिहिताना मी तो अधूनमधून वापरतेही.

निर्णय सर्वांसाठी एक होणार नाही हे मी माझ्या भाच्यावरून सांगते. तो हैदराबादला नोकरी करतो. काचीगुड्याच्या बाजूला आमचे जुने मराठी नातेवाईक आहेत, पण त्याची खोली शहराच्या दुसऱ्या टोकाला, कचेरीजवळ. खोलीत चूल पेटविण्यास घरमालकाची मनाई. आठवड्याला पाच रात्री तो मागवितो, म्हणजे तीन महिन्यांत साठएक खेपा. खेपेला तीस रुपये धरले तरी १८०० रुपये, आणि वर्गणी त्याच्या दशांशाहून कमी. त्याने विचारले तेव्हा मी एका वाक्यात ‘घे’ म्हणून सांगितले. त्याच्या बाबतीत खेपा वाढण्याचीही भीती नाही. त्याच्यासाठी ती कदंबाच्या पासासारखीच आहे. फक्त महिन्यातून एखाद्या रविवारी काचीगुड्याला जाऊन जेव, असे पुढे जोडले. ज्यांच्या मागण्या वर्गणी असो-नसो महिन्याला सहा-सातच्या वर आहेत, सगळ्या मर्यादेवरच्या आणि जवळच्या हॉटेलांतल्या, त्यांना ती परवडते. महिन्याला तीन-चार मागविणाऱ्याला ती जेमतेम परवडते आणि थोडे अधिक खावयास लावते. त्याखाली परवडत नाही. आम्ही मधल्या वर्गात मोडतो, आणि ज्या वर्गात बचत महिन्याला बावन्न रुपये आहे तिथे इतर गोष्टींना बोलू द्यावे असे मी ठरविले.

सभासदत्व आम्ही घेतले नाही. मागविणे बंदही केले नाही. मुलाच्या परीक्षेत, पाहुणे अवचित आले तर, किंवा केवळ इच्छा झाली म्हणून मागवितो. प्रत्येक वेळी ३४ रुपयांची ओळ समोर येते. ती पाहून कधी कधी बोट थांबते आणि कोणी तरी फ्रिज उघडून पाहतो. त्या ओळीचा मला हाच उपयोग वाटतो, म्हणून ती पुसून टाकण्यासाठी पैसे भरावेसे वाटले नाहीत.

मंगळवारी आणि गुरुवारी माझे कार्यालय उशिरापर्यंत चालते. त्या दोन रात्रींसाठी वाड्यातल्याच एका बाईंकडे डबा लावला आहे. भाजी आणि तोंडाक, चौघांपुरते, दीडशे रुपये, भात घरी. बाईंच्या घरी मासळी शिजते, पण शिवराकाची भांडी वेगळी आहेत. मांय स्वतः जाऊन टोप पाहून आली, तासभर तिथे बसली, आणि परत येताना त्यांच्या आईशी कुठले तरी दूरचे नाते जुळवून आली. खाडा आधी सांगितला तर पैसे धरीत नाहीत. नूतनीकरण महिन्याच्या पहिल्या तारखेला तोंडी होते. डबा आणावयास मुलगा जातो, त्याला पाच मिनिटे लागतात, आणि पावसात भिजला तरी जादा आकार पडत नाही.

मांयची एकच अट होती. डबा रिकामा परत जाता कामा नये. पहिल्या मंगळवारी त्यातून दोन केळी गेली, गुरुवारी सोलां, नंतर बिमलांचे लोणचे. बाईंनी दुसऱ्या आठवड्यात एक वाटी खतखतें जास्तीचे पाठविले. गेल्या महिन्यात नऊ डबे झाले, त्यांचे तेराशे पन्नास रुपये मी दिले. लोणचे धरून हिशेब कोणाचा कोणाकडे किती निघतो, ते मला काढता आलेले नाही, आणि मांय काढू देत नाही.